डावखुरा रिलीव्हर म्हणजे राखीव खेळाडू का? (जेसी ओरोस्को आणि आमचे चिरंजीव)

एडिसनकर
मंडळी, क्रिकेटच्या विभागात बेसबॉलचा धागा काढतोय. संपादकांना वाटलं तर हलवा.

आमचे चिरंजीव वय वर्षं 12, डावखुरे. न्यू जर्सीत गावच्या लीगमध्ये खेळतात. दोन वर्षं सामन्याची सुरुवात तो करायचा. या मोसमात कोचने त्याला बुलपेनमध्ये बसवलंय. म्हणजे पाचव्या-सहाव्या इनिंगला, दुसऱ्याने सांडलेलं पुसायला पाठवतात. पोरगं रुसलंय. "बाबा, मी आता एक्स्ट्रा आहे." साताऱ्याहून आजीचा फोन: "तरी मी म्हणत होते, घास घ्यायला लागला तेव्हाच हात बदलायला हवा होता."

त्याची समजूत घालायला काहीतरी शोधत बसलो आणि जेसी ओरोस्को हाती लागला. डावखुरा, रिलीव्हर. 1979 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून पहिला सामना, 2003 च्या सप्टेंबरमध्ये मिनेसोटा ट्विन्सकडून शेवटचा. तेव्हा वय 46. एकूण 1252 सामने. मेजर लीगच्या (अमेरिकेतली सर्वात वरची बेसबॉल लीग) इतिहासात एवढ्या सामन्यांत दुसऱ्या कुणीही पिचिंग केलेलं नाही, आणि त्यातले सुरुवातीपासून टाकलेले फक्त 4! विक्रम मोडला 1999 च्या ऑगस्टमध्ये. आधी तो डेनिस एकर्सलीच्या नावावर होता, 1071 सामन्यांचा.

आता प्रश्न. ही कारकीर्द थोर म्हणायची, की नुसती लांब? मुलाला काय सांगू?

खवचट
24 मोसम, रोज हजर, काम दहा मिनिटांचं, बाकी वेळ बाकावर बसून शेंगा. आमच्याकडे याला नोकरीत कायम होणं म्हणतात. दिवे घ्या.

चिंगी
वाचतेय. पण बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पिचर म्हणजे बोलर ना? मग बाकीच्यांना बोलिंग का देत नाहीत? आणि डाव्या हाताचं एवढं काय कौतुक?

डावरी
चिंगी, मी शाळेत सॉफ्टबॉल खेळलेय, जिल्ह्यापर्यंत. सांगते.

एका वेळी एकच पिचर. षटकं वगैरे नाहीत, दमेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत तोच टाकतो. कोचने त्याला बाहेर काढलं की त्या सामन्यात परत येणं नाही. मोठ्या लीगमध्ये तर कुठलाच बदललेला खेळाडू परत येत नाही. म्हणून ताज्या दमाचे दुसरे पिचर मैदानाच्या कडेला तयार बसलेले असतात, ते रिलीव्हर. बसायची जागा ती बुलपेन.

आता हात. बॅट्समन डावखुरा असेल आणि पिचरही डावखुरा असेल, तर चेंडू आपल्या पाठीमागून येतोय असं बॅट्समनला वाटतं. तो कचरतो, खांदा आधीच उघडतो, आणि तेवढ्यात स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा चेंडू, त्याच्यापासून लांब निघून जातो. उजव्या पिचरचा तोच चेंडू त्याला लख्ख दिसतो. त्यामुळे समोर डावखुरा फलंदाज आला, माणसं बेसवर (धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर) आहेत, सामना अडलाय, की आमच्यासारख्यांना हाक.

शिवाय डाव्या हाताच्या पोराला बाकी जागा मिळतात कुठे? कॅचर, दुसरा बेस, तिसरा बेस, शॉर्टस्टॉप, सगळी उजव्यांची मक्तेदारी, कारण कॅचर सोडला तर फेक बहुतेक वेळा पहिल्या बेसकडे करायची असते आणि डावऱ्याला आधी अंग वळवावं लागतं. उरतं काय? पिचर, पहिला बेस आणि लांबची फिल्डिंग. आमच्या शाळेत तर सगळे ग्लोव्ह्ज डाव्या हातात घालायचे. मी दोन वर्षं ग्लोव्ह उलटा घालून खेळले. अंगठ्याच्या जागी करंगळी.

चिंगी
धन्यवाद डावरी! करंगळीवरून पटलं.

गुगलीवाला
मूळ प्रश्नाला माझं उत्तर: नुसती लांब.

आकडे बघा. 1252 सामन्यांत 1295 इनिंग (पिचरची एक इनिंग म्हणजे तीन बाद). म्हणजे सामन्यामागे जेमतेम एक. नोलन रायनने 5386 इनिंग टाकल्या. ज्याच्या नावाने पिचरचं सर्वात मोठं बक्षीस देतात तो साय यंग 906 सामन्यांत आला आणि त्यातले 749 त्याने पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत एकट्याने ओढले. 2003 मध्ये ओरोस्को 65 सामन्यांत आला आणि टाकल्या 34 इनिंग. सामन्यामागे दीड माणूस बाद! हा विक्रम हजेरीपटाचा आहे, पराक्रमाचा नाही. पडद्यामागून येऊन "महाराज, दूत आला आहे" एवढंच म्हणणाऱ्या नटाने सर्वाधिक प्रयोगांचा मान सांगावा तसं.

खवचट
दूत वेळेवर नाही आला तर महाराज काय करतील हेही बघायला हवं. आमच्या गणपतीतल्या नाटकात एकदा झालंय. महाराज वीस मिनिटं येरझारा घालत होते.

अण्णा_फ्लशिंगकर
गुगलीवाले, तुम्ही त्याचं म्हातारपण मोजताय. आम्ही त्याची जवानी बघितली आहे, म्हणून चार शब्द लिहितो. लांबेल. सुपारी कातरत वाचा.

मी 1984 ला न्यूयॉर्कला आलो. फ्लशिंगला खोली. बोन स्ट्रीटच्या गणपतीच्या देवळापासून चालत दहा मिनिटं. शे स्टेडियम तिथून सात नंबरच्या गाडीने पुढचंच स्टेशन. क्रिकेट बघायला मिळायचं नाही, मुंबईचं स्कोअरकार्ड पत्राने यायचं. मग माणूस जे समोर असेल ते बघतो. वरून लाग्वार्डियाची विमानं कानठळ्या बसवत जायची आणि खाली हा शिडशिडीत डावखुरा स्लायडर टाकायचा.

त्या काळात तो दीड माणसाचा गडी नव्हता. 1983 मध्ये 62 सामन्यांत 110 इनिंग टाकल्या, सरासरी 1.47 (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं), आणि साय यंग बक्षिसाच्या मतदानात तिसरा. रिलीव्हर असून! पुढच्या वर्षी 31 सेव्ह, म्हणजे 31 वेळा आघाडी शेवटपर्यंत टिकवली.

आणि 1986. ह्यूस्टनविरुद्धच्या उपांत्य मालिकेत मेट्सच्या चारपैकी तीन विजय त्याच्या नावावर. शेवटचा सामना नेहमीच्या 9 ऐवजी 16 इनिंग चालला. सोळाव्यात मेट्स तीन धावांनी पुढे गेले आणि ह्यूस्टनने त्यातल्या दोन परत केल्या. बरोबरीची धाव बेसवर उभी, बॅटवर केव्हिन बास, आणि ओरोस्कोच्या हातात जीव उरलेला नाही. फास्टबॉल टाकलास तर इथेच मारामारी होईल, असा दम कीथ हर्नांडेझने मैदानातच भरला होता असं सांगतात. मग बासला स्लायडरमागून स्लायडर. स्ट्राइकआउट (तीनदा हुकला की बाद). मी ऑफिसात होतो. कामाची वेळ होती, रेडिओ टेबलाच्या खणात. साहेबही त्या खणाशी वाकून उभा.

पण तुम्ही हाताबद्दल विचारताय म्हणून वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सहावा सामना सांगतो. सगळ्यांना दहावी इनिंग आठवते, बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू गेला ती. त्याआधीची आठवी कुणी सांगत नाही. बॉस्टन 3-2 पुढे, तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, बॅटवर बकनर. बकनर डावखुरा. मेट्सने ओरोस्कोला बोलावलं. बॉस्टनकडे उजव्या हाताचा डॉन बेलर बाकावर बसलेला. शहाणपण हेच की बकनरला बसवा, बेलरला पाठवा. त्यांच्या मॅनेजरने बकनरलाच ठेवलं. ओरोस्कोने त्याला सेंटरफील्डला झेल द्यायला लावला. त्यासाठी आला आणि ते करून गेला.

आता डावरी यांनी वर सांगितलेला नियम आठवा, बदललेला खेळाडू परत येत नाही. आठवीत बकनरच्या जागी बेलर आला असता तर दहावीत पहिल्या बेसवर बकनर नसता. जन्मभर त्या माणसाला जो जाच झाला, त्याची एक कडी या डावखुऱ्याच्या त्या एका आउटमध्ये अडकलेली आहे.

शंकासुर
अण्णा, काटा आला. सातव्याचंही लिहा ना.

अण्णा_फ्लशिंगकर
सातवा सोमवारी झाला, 27 ऑक्टोबर, आदल्या दिवशी पाऊस होता म्हणून. दिवाळी आठवड्यावर आलेली. सौ. चकल्या पाडत होत्या आणि मी सोऱ्या धरून टीव्हीसमोर. आठवीत बॉस्टनने 6-3 चं 6-5 केलं, एक माणूस दुसऱ्या बेसवर, एकही बाद नाही. ओरोस्को आला. तिघे ओळीने बाद. मग आमच्या डावात आधी 7-5 झालं, आणि पुढे त्याच्यावरच बॅटिंगची पाळी. बंट करणार (चेंडू नुसता हळू ठोकणार) असा आव आणला, फिल्डर पुढे धावले, आणि याने बॅट फिरवून चेंडू त्यांच्यामधून काढला. एक धाव, 8-5. नवव्यात पुन्हा तीन. शेवटचा मार्टी बॅरेट, स्ट्राइकआउट. ग्लोव्ह आकाशात आणि हा गुडघ्यांवर. पहिल्या घाण्याच्या चकल्या करपल्या, पण सौ. एक शब्द बोलल्या नाहीत.

बारामतीची_सून
करपलेल्या चकल्या आणि एक शब्द नाही? अण्णा, हे मात्र बेसबॉलपेक्षा अविश्वसनीय आहे.

शंकासुर
आणखी एक गंमत. ओरोस्कोला मुळात निवडलं होतं मिनेसोटानेच, 1978 मध्ये. मेट्सनी त्याला 1979 च्या मोसमाआधी घेतलं ते जेरी कूझमनच्या बदल्यात. कूझमनही डावखुरा. 1969 ला मेट्स पहिल्यांदा विजेते झाले तेव्हा शेवटचा चेंडू कूझमनच्या हातातला, आणि 1986 ला त्याच्या बदल्यात आलेल्या पोराच्या हातातला. मेट्स आजवर दोनदाच जिंकलेत. मिनेसोटाही फसली नाही, कूझमनने लगेच 1979 मध्ये त्यांना 20 विजय दिले. आणि ओरोस्कोची शेवटची टीमही मिनेसोटाच. माहेरी जायला 25 वर्षं लागली.

खवचट
आणि मधल्या काळात किती सासरं केली तेही सांगा. मेट्स, डॉजर्स, क्लीव्हलँड, मिलवॉकी, बाल्टिमोर, सेंट लुईस, परत डॉजर्स, सॅन डिएगो, यांकीज. त्यात 1999 च्या डिसेंबरमध्ये मेट्सनी त्याला परत घेतलं आणि मार्चमध्ये एकही सामना न खेळवता दुसरीकडे पाठवून दिलं. पाटावर बसवून वाढायच्या आधी उठवलं.

पानटपरी
डॉजर्सचा किस्सा राहिला की. 1988 चा सराव चालू होता. कर्क गिब्सन नवीन आलेला, तापट. ओरोस्कोने गमतीत त्याच्या टोपीच्या आतल्या पट्टीला काळं फासून ठेवलं, डोळ्यांखाली लावतात ते. गिब्सनच्या कपाळभर काळं. तो जो भडकला तो मैदान सोडूनच गेला. इथे खेळायला आलोय की चाळे करायला, असा सूर. त्याच वर्षी डॉजर्स विजेते आणि गिब्सन लीगमधला सर्वोत्तम. त्यांच्याकडे अजून म्हणतात, टीम त्या काळ्या टोपीने जागी झाली. म्हणजे 88 मध्येही ओरोस्कोचं योगदान आहेच!

गुगलीवाला
अण्णांपुढे हात टेकले. 1986 पर्यंतचं मान्य, तो खरा वाघ होता. पण माझा मुद्दा 1252 बद्दल आहे. विक्रम उभा राहिला तो पुढच्या सोळा-सतरा वर्षांत, तुकड्या-तुकड्याने. आणि हे मी एकटा म्हणत नाही. 2009 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलच्या दिग्गजांचा सर्वोच्च मान) त्याचं नाव आलं तेव्हा 539 पैकी मतं किती पडली? एक.

डावरी
गुगलीवाले, एक मत पडलं म्हणून काम खोटं होत नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले, तेही डाव्या हाताने, आणि कसोटीची टोपी एकदाही मिळाली नाही, कारण बेदी होते. त्यांना काय म्हणाल, नुसते लांब?

गुगलीवाला
पॅडींचं नाव काढलंत म्हणजे अर्धी लढाई जिंकलात. पण तुलना उलटी आहे. पॅडी दिवस-दिवस टाकायचे, संधी मिळाली नाही ही तक्रार. ओरोस्कोला संधी 1252 वेळा मिळाली, टाकायला मात्र चार चेंडू.

डावरी
चार चेंडूंत चूक करायला जागा नसते. दिवसभर टाकणाऱ्याला सकाळचा फुलटॉस संध्याकाळी भरून काढता येतो. याचा पहिलाच चेंडू गेला की सामना गेला, आणि चेंडू टाकला नाही तरी अंग तापवायला रोज उठायचंच. त्या हजेरीपटात हे धरलं जात नाही.

पानटपरी
अवांतर: आपल्याकडचाही एक डावखुरा रिलीव्हर आहे, विसरलात का? रिंकू सिंग. उत्तर प्रदेशचा, भालाफेक करणारा, बेसबॉल कधी बघितलेलाही नव्हता. 2008 मध्ये भारतभर फिरून कोण जोरात फेकतो याची स्पर्धा घेतली, त्यात हा पहिला. ताशी 140 किलोमीटर, एक लाख डॉलर. दुसरा दिनेश पटेल, उजवा. दोघांनाही पिट्सबर्गने करारबद्ध केलं. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळालेले पहिले भारतीय. 2009 मध्ये खालच्या लीगमध्ये रिंकूने सामनाही जिंकला. मेजर लीगपर्यंत पोचला नाही, कोपराने घात केला, 2013 ला शस्त्रक्रिया. मग तो कुस्तीच्या रिंगणात गेला आणि 'वीर महान' या नावाने लढला.

खवचट
क्रिकेटवाला रिंकू सिंग वेगळा ना? तोही डावखुरा, तोही उत्तर प्रदेशचा. मी पाच मिनिटं गोंधळलो होतो.

पानटपरी
वेगळा! त्या राज्यात रिंकू नाव ठेवलं की डावा हात बरोबर येतो बहुतेक.

अण्णा_फ्लशिंगकर
या दोन मुलांना शिकवलं टॉम हाऊसने. तोही डावखुरा रिलीव्हर. 1974 मध्ये अटलांटाकडून खेळताना बुलपेनमध्ये उभा होता आणि हँक आरनचा 715 वा होमरन, बेब रूथचा विक्रम मोडणारा, थेट त्याच्या ग्लोव्हमध्ये आला. एडिसनकर, मुलाला सांगा, बुलपेनमध्ये बसल्याचे असेही फायदे असतात.

शंकासुर
हे सगळं ठीक, पण एडिसनकरांसाठी महत्त्वाची गोष्ट कुणी लिहिली नाही. ओरोस्कोच्या उत्तरार्धासारखी कारकीर्द आता होणारच नाही. 2020 पासून नियम आलाय, आलेल्या पिचरने निदान तीन फलंदाजांना सामोरं जायचं किंवा त्या इनिंगमधली समोरच्या संघाची पाळी संपवायची. आजारी पडला, दुखापत झाली तरच सुटका. एका डावखुऱ्यासाठी एक डावखुरा, दोन चेंडू टाकून परत बाकावर, हा धंदा बंद. सामने साडेतीन-साडेतीन तास रेंगाळायचे, त्यावर उपाय म्हणून. म्हणजे आता डावखुऱ्या रिलीव्हरला उजव्यांनाही बाद करता आलं पाहिजे. मुलगा नुसत्या स्लायडरवर अवलंबून असेल तर सावध.

डावरी
12 वर्षांच्या मुलाने स्लायडर टाकूच नये! एडिसनकर, खरंच टाकतो का तो?

एडिसनकर
नाही नाही, फास्टबॉल आणि हळू चेंडू, एवढंच. कोच त्या बाबतीत कडक आहे.

डावरी
हुश्श. आणि चेंडू मोजता ना? लिटल लीगमध्ये 11-12 वयाला दिवसाला 85 ची मर्यादा आहे, 66 च्या वर गेला की चार दिवस सुट्टी. रिलीव्हर केलंय म्हणजे आपोआप कमी चेंडू पडणार. मी आई असते तर कोचला पेढे दिले असते. रिंकूच्या कोपराचं वर वाचलंतच.

बारामतीची_सून
आजींच्या मुद्द्याकडे कुणी लक्षच देत नाहीये. माझ्या धाकट्या दिराचा हात सासूबाईंनी चमच्याला चिंधी बांधून बदलला. आता तो उजव्या हाताने जेवतो, डाव्या हाताने लिहितो आणि रिक्षावाल्याला डावीकडे सांगायचं असेल तर उजवीकडे सांगतो.

शंकासुर
आजींना बिली वॅग्नरची गोष्ट सांगा. जन्माने उजवा. लहान असताना उजवा हात मोडला, बरा होतोय तोवर परत मोडला. मग भिंतीवर चेंडू मारत डाव्या हाताने फेकायला शिकला. लिहितो-जेवतो अजून उजव्याने. पुढे डावखुरा रिलीव्हर म्हणून 422 सेव्ह, आणि 2025 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. उंची पाच फूट दहा इंच. म्हणजे हात बदलायचा तर असा बदलावा!

खवचट
आजींना ही गोष्ट अर्धीच सांगा. नाहीतर नातवाचा हात मोडायला पुढच्या विमानाने येतील.

गुगलीवाला
धागा वर काढतोय. दोन आठवडे झाले, एडिसनकर गायब. पोराचं काय झालं?

दरम्यान मी 1986 च्या वर्ल्ड सिरीजचे ते दोन सामने शोधून पूर्ण बघितले. 1252 बद्दलचं मत तेच आहे. पण ते एक मत ज्याने दिलं, त्याला भेटलो तर चहा पाजेन.

एडिसनकर
क्षमस्व, कामात होतो.

ओरोस्कोची सगळी गोष्ट त्याला सांगितली. ह्यूस्टन, बकनर, चकल्यासुद्धा. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, "टोपीला काळं लावल्यावर त्याला शिक्षा झाली का?" तर पानटपरी, तुमच्या किश्श्याची जबाबदारी तुमच्यावर.

शनिवारी सामना होता. शेवटची इनिंग, एका धावेने पुढे, दोघं बेसवर, एक बाद. कोचने बोलावलं. पहिल्याला चार चेंडू बाहेर टाकून फुकट चालवलं. तिन्ही बेस भरले. मी डोळे मिटून घेतले. पुढचा डावखुरा आला. त्याला तीन चेंडूंत घरी पाठवलं. मग एक उजवा, दांडगा, मिसरूड फुटलेला. त्याने चेंडू उंच उडवला, तो पहिल्या बेसवाल्याने धडपडत धरला. जिंकलो.

मोजलं, 12 चेंडू. गाडीत बसल्यावर म्हणाला, "कोच म्हणाला, मंगळवारी पण मला लागशील." आणि ग्लोव्ह वर उडवल्याबद्दल अंपायरने समज दिली. गाडीच्या छतापर्यंतच गेला होता म्हणे, पण तो पंचांच्या अंगावर पडला.

आजीला फोन केला. तिने विचारलं, "जेवला का, आणि कुठल्या हाताने?"

चिंगी
कुठल्या??

एडिसनकर
पिझ्झा होता. दोन्ही हातांनी.